तिप्पेहळ्ळीचा नियंत्रित गट

भौरव्वानं कागदावरच्या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाच," मी म्हणालो.

तिनं लगेच वाचलं नाही. डाव्या हाताचा तळवा उघडला, उजव्या हाताच्या बोटानं त्यावर 'पा' गिरवला, शेजारी 'णी' गिरवली आणि नाकतोडा पकडावा तशी मूठ मिटून घेतली. "पाणी," ती म्हणाली. मग अगदी हळू, स्वतःशीच, "नीरु."

गुणतक्त्यावर बरोबरची खूण करायची मी विसरलो.

तिप्पेहळ्ळीच्या शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर आम्ही समोरासमोर बसलो होतो. डिसेंबरची सकाळ होती. दुसरीचा वर्ग आत होता आणि एकेक मूल बाहेर येऊन माझ्यासमोर तीस शब्दांचा कागद वाचून जात होतं. भौरव्वा चौथी. आधीच्या तिघांच्या हातांकडे मी पाहिलंच नव्हतं.

"हे हातावर लिहायला कुणी शिकवलं?"

तिनं मिटलेली मूठ फ्रॉकच्या मागे नेली.

पाचवं मूल आलं. त्यानंही तळवा उघडला. सहाव्यानंही. मधल्या सुट्टीपर्यंत अठरा मुलं झाली आणि त्यांतल्या पंधरा जणांनी माझ्यासमोर मूठ मिटली.

ती मूठ माझी होती. म्हणजे मी आणि हणमनट्टीच्या शाळेतले कुंभार सर, आम्ही दोघांनी जूनमध्ये बसून ती शोधून काढली होती. दुसऱ्या कुठल्या शाळेत ती असायचं कारण नव्हतं. आणि तिप्पेहळ्ळीत तर ती असायलाच नको होती.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. सांगलीच्या एका अध्यापक विद्यालयात शिकवत होतो आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करत होतो. नोंदणी झाल्यावर सहा महिने दर शनिवार-रविवार विद्यापीठात संशोधन पद्धतीचे वर्ग असत. प्रभुणे मॅडम शिकवायच्या. त्याच माझ्या मार्गदर्शक. आमच्या तुकडीतले बाकीचे लोक त्या विषयाला घाबरायचे; मला मात्र तो मनापासून आवडायचा. त्यातही प्रायोगिक पद्धत. सारख्या पातळीचे दोन वर्ग घ्यायचे. एकाला नव्या पद्धतीनं शिकवायचं, दुसऱ्याला नेहमीच्याच. आधी आणि नंतर दोघांचीही तीच चाचणी घ्यायची. जो फरक दिसेल तो पद्धतीचा. ज्याला काही नवं द्यायचं नाही तो नियंत्रित गट. मॅडम म्हणायच्या, "त्या गटाला काहीच करायचं नसतं, म्हणून तो सांभाळायला सगळ्यात अवघड." लेखी परीक्षेत मी पहिला आलो होतो.

माझा विषयही चांगला होता, हे आजही म्हणतो. जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या सीमेलगत, मुलं घरी कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. पुस्तकातला कोळी जाळं विणतो. ह्यांच्या घरी कोळी म्हणजे कोंबडी, ती अंडी घालते. दोन वर्षं शाळेत जाऊन मुलाला सात-आठ शब्दांपलीकडे वाचता येत नसे. मी चित्रांची कार्डं तयार केली. मुलानं अक्षरं तळहातावर गिरवायची, शब्द मुठीत धरायचा, मोठ्यानं म्हणायचा आणि मग घरातला शब्द त्याच्याशेजारी हळूच ठेवायचा. एवढंच.

हणमनट्टीची शाळा प्रयोगाला घेतली. सहा मैलांवरची तिप्पेहळ्ळी नियंत्रित गट. शिवाय ऐनवेळी अडचण आली तर असावी म्हणून तिसऱ्या एका गावच्या शाळेतही पहिली चाचणी उरकून ठेवली होती. मॅडमनी त्याबद्दल शाबासकी दिली होती.

तिप्पेहळ्ळीची शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी महानंदा हत्तरकी बाईंकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक नंदगोंड गुरुजींकडे. बाई पंचावन्नच्या पुढच्या, ठेंगण्या, बोलताना हात फार हलवणाऱ्या. दोघांचीही घरं गावातच, एकाच गल्लीत. जुलैमध्ये पहिली चाचणी घेतली तेव्हा बाई माझ्याशेजारी बसून कार्डांचा गठ्ठा चाळत होत्या.

"हे आम्हाला कधी मिळणार, सर?"

"तुम्हाला आत्ता नाही, बाई. तुमचा नियंत्रित गट आहे."

"म्हणजे काय करायचं आम्ही?"

"काही नाही. नेहमीसारखंच शिकवायचं."

बाई हसल्या. "नेहमीसारखं शिकवूनच तर येत नाही ओ त्यांना."

मी त्यांना समजावून सांगितलं. वहीवर दोन चौकोन काढून दाखवले. प्रयोग संपला की सगळी कार्डं तुम्हालाच आणून देईन, म्हणालो. तोवर ह्यातलं काही वर्गात न्यायचं नाही, असा शब्द घेतला. बाईंनी तो दिला. पण कार्डं परत करताना एक कार्ड त्यांनी पुन्हा उलटून पाहिलं, हे माझ्या लक्षात आलं होतं.

आता मधल्या सुट्टीत मी वर्गात गेलो. मुलं खिचडीच्या रांगेत होती. बाई माझीच वाट पाहत असल्यासारख्या टेबलापाशी उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही मला शब्द दिला होता."

"दिला होता."

त्यांनी कपाट उघडलं आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. आत लग्नपत्रिका होत्या, कार्डाच्या मापात कापलेल्या. कोऱ्या बाजूला रंगीत खडूंनी काढलेली चित्रं: घर, तांब्या, कोंबडी. कोंबडीच्या पाठीमागे वधूवरांची अर्धी नावं होती.

"सप्टेंबरातली शिक्षण परिषद हणमनट्टीला होती," बाई म्हणाल्या. "कुंभार सरांनी भिंतीला लावलेली होती कार्डं. सगळे जेवायला गेले तवा वहीत उतरून घेतली. ती मूठ मात्र त्यांच्या पोरांकडं बघून कळली."

"पण का?"

"का म्हणजे?" त्यांना प्रश्नच कळेना. "सर, तुमचा प्रयोग संपेस्तोवर ह्यांची दुसरी संपणार. तिसरीच्या पुस्तकात धडे मोठेमोठे. मग ह्यांना परत दुसरीत कोण बसवणार? माझ्या डोळ्यांदेखत औषध आहे आणि मी पोरांना नाही म्हणू?"

"माझं सगळं काम वाया गेलं, बाई."

"वाया कसं जाईल?" त्या खरोखर आनंदानं पुढं झाल्या. "मी नुसतं बघून केलं, तेही मोडकंतोडकं. तरी पोरं वाचायला लागली. म्हणजे तुमची पद्धत चांगलीच आहे की! मला तर वाटलेलं, तुम्ही बघून खूश व्हाल."

पलीकडच्या वर्गातून नंदगोंड गुरुजी आले. उंच, धोतर नेसणारे, हळू बोलणारे गृहस्थ. आमचे चेहरे पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "काय चुकलं का सर आमचं? चहा तरी घ्या." चहा न घेता मी उरलेल्या मुलांची चाचणी घेतली आणि चारच्या एस.टी.नं परतलो.

गुण काढले. तीसपैकी हणमनट्टीची सरासरी एकोणीस, तिप्पेहळ्ळीची अठराच्या थोडी पुढे. जुलैमध्ये दोन्हीकडे सातच्या आसपास होती.

प्रभुणे मॅडमनी तक्ते दोनदा पाहिले. चष्मा काढला.

"वाईट वाटून घेऊ नका, माळवदे. असं होतं. जसं झालं तसं लिहा. नियंत्रित गट तसा राहिला नाही, शिक्षिकेनं आपणहून पद्धत उचलली, मुलं वाचायला लागली. मला तर हे तुमच्या मूळ प्रश्नापेक्षा महत्त्वाचं वाटतं. पुढच्या जूनला नवी शाळा घ्या आणि पुन्हा करा."

"म्हणजे वर्ष गेलं."

"गेलं तर गेलं."

मॅडमना माहीत नव्हतं, की त्यांच्याच विभागात सहायक प्राध्यापकाची जागा निघणार होती. किंवा माहीत असूनही त्या बोलत नव्हत्या. पीएच.डी. हातात असल्याशिवाय मला अर्ज करता आला नसता. मी म्हणालो, "राखीव शाळा आहे ना, मॅडम. तिथली पहिली चाचणी झालेली आहे. आत्ता दुसरी घेतली तर तोच नियंत्रित गट धरता येईल."

त्यांनी थोडा विचार केला. "पद्धतीच्या दृष्टीनं चालेल. पण तिप्पेहळ्ळीत काय घडलं ते प्रबंधात आलं पाहिजे. आणि कार्यालयाची परवानगी लेखी घ्या."

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलो. अर्ज घरूनच लिहून नेला होता. नियंत्रित गटातील शिक्षिकेने प्रायोगिक साहित्य वापरल्यामुळे शाळा बदलण्याची परवानगी मिळावी, असा. टेबलावरच्या लिपिकानं तो वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

"हे साहेबांना पटायचं नाही. साहित्य वापरलं तर बरंच केलं म्हणतील. परीक्षा तोंडावर, आणि तुम्ही आणखी एका शाळेचा दिवस मागताय. काहीतरी सबळ कारण लिहा."

"सबळ म्हणजे?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलेली माणसं."

मी त्याच्याकडून कोरा कागद घेतला आणि भिंतीकडेच्या बाकावर बसून नवा अर्ज लिहिला. पाच ओळी. विस्तार अधिकाऱ्यांनी तो वाचला, एका ओळीवर थांबले, मान वर करून विचारलं, "हे तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"हो, साहेब."

"बरं झालं सांगितलंत."

परवानगीवर त्यांनी तिथल्या तिथे सही केली. मी उठता उठता म्हणालो, "साहेब, माझं नाव कुठं येऊ नये, एवढं बघा. मला त्या भागात अजून काम करायचं आहे."

"विद्यापीठाच्या माणसाचं नाव कशाला येईल? निर्धास्त राहा."

राखीव शाळेत चाचणी झाली. तिथली सरासरी नऊ आली. फरक लख्ख, कोणत्याही कसोटीवर टिकणारा. मी रात्रंदिवस बसून प्रबंध पुरा केला.

मार्चमध्ये कुंभार सरांचा फोन आला.

"सर, कळलं का? हत्तरकी बाईंची चौकशी झाली. साहेब शाळेत येऊन पोरांना उभं करून विचारत होते, बाई कुठल्या भाषेत शिकवतात म्हणून. ती भौरव्वा घाबरून कन्नडमध्येच बोलली. डबा उचलून नेला. बाईंना पार तिकडं पश्चिमेला पाठवलंय, साठ-सत्तर किलोमीटर. खोली घेऊन राहतात. रिटायर व्हायला सव्वा वर्ष राहिलेलं, बघा."

"मग वर्गाला कोण?"

"कोण तरी नवीन सर आलेत शिराळ्याकडचे. कन्नडचा गंध नाही. कुणी असला तक्रारीचा कागद दिला असेल ओ, सर?"

"काय माहीत," मी म्हणालो. "असं व्हायला नको होतं."

तिप्पेहळ्ळीत काय घडलं ते मी प्रबंधात घातलं, पण दीड ओळीत: 'काही अपरिहार्य कारणास्तव मूळ नियंत्रित गट बदलण्यात आला.' मॅडमनी ती ओळ अधोरेखित करून समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी त्यांना म्हणालो, की शिक्षिकेची चौकशी चालू आहे, जास्त लिहिलं तर त्यांनाच त्रास होईल. मॅडमनी प्रश्नचिन्ह खोडलं. मौखिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक म्हणाले, "नियंत्रित गटाची इतकी काळजी फार थोडे लोक घेतात." टाळ्या झाल्या. मी पेढे वाटले. पुढच्या वर्षी ती जागा मला मिळाली, आणि मॅडम निवृत्त झाल्यावर संशोधन पद्धतीचा तास माझ्याकडे आला.

त्या तासाला आफरीन मुल्ला नावाची एक विद्यार्थिनी होती. ती स्वतः प्राथमिक शिक्षिका, रजा टाकून यायची. मी प्रायोगिक पद्धत शिकवत होतो. तिनं हात वर केला.

"सर, नियंत्रित गटातल्या मुलांचं नंतर काय होतं?"

"प्रयोग संपला की त्यांनाही तो लाभ द्यायचा असतो. ती संशोधकाची नैतिक जबाबदारी आहे."

"तुम्ही दिला होता?"

तिनं खवचटपणे विचारलं नव्हतं. वहीत लिहून घ्यायला पेन धरून ती थांबली होती.

"हो," मी म्हणालो. तिनं लिहून घेतलं.

त्या रविवारी मी कार्डांचा छापील संच पिशवीत घातला आणि तिप्पेहळ्ळीला गेलो. जाताना एस.टी.त वाक्य जुळवत होतो. बाई, तो अर्ज मी केला होता. एवढंच वाक्य, पण त्याच्या पुढे-मागे काय लावायचं ते सुचत नव्हतं.

बाई निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. अंगणात शेंगा वाळत घातल्या होत्या. मला पाहताच त्या ओरडल्याच, "आवं, माळवदे सर! डॉक्टर झाला आणि पेढे न देताच आला होय!" त्यांनी मला खुर्ची दिली, आत जाऊन शेंगांच्या पोळ्या तव्यावर टाकल्या आणि तिथूनच मोठ्यानं बोलत राहिल्या. भौरव्वा पाचवीत गेली होती, शेजारच्या गावाला सायकलवरून जायची. वर्गातल्या निम्म्या पोरांनी तिसरीनंतर शाळेचं नाव टाकलं होतं. "ते शिराळ्याचे सर बिचारे वाईट नव्हते. पण पोरं काय म्हणतात ते त्यांना कळायचं नाही आणि ते काय म्हणतात ते पोरांना."

मी कार्डं दिली. बाईंनी हात पुसून एकेक पाहिलं. "किती गुळगुळीत झालीत. नव्या सरांना देते उद्या." मग माझ्यासमोर ताट ठेवून पाटावर बसल्या.

"तुमच्याबद्दल मला फार वाईट वाटत होतं, सर," त्या म्हणाल्या. "मी शब्द मोडला आणि तुमचा प्रयोग नासला. तिकडं खोलीवर एकटी बसायची ना, तेव्हा मनात यायचं, ह्याच पापाचं फळ असणार."

"बाई, असं बोलू नका."

"चौकशीचं दुःख नाही. सेवापुस्तकात शेरा मारला, त्याचं पण नाही. पण ज्यानं केलं त्यानं समोर येऊन बोलायचं होतं."

"कुणी केलं, कळलं का?"

हे मी विचारलं. का विचारलं ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित त्यांना कळलं असेल आणि माझं काम सोपं होईल, असं वाटलं असेल.

"कळायचं काय त्यात? अठरा वर्षं भिंतीपलीकडं बसलेला माणूस. नंदगोंड गुरुजी. केंद्रप्रमुखाच्या बढतीच्या यादीत नाव होतं त्यांचं. साहेबांच्या मर्जीत राहायला पाहिजे होतं."

"गुरुजी असं करतील?"

"साहेबांनी मला कागद वाचून दाखवलेला, सर. नाव झाकून. मला पाठ आहे तो." बाईंनी मांडीवर हात ठेवले आणि शाळेत कविता म्हणावी तशा स्वरात म्हणाल्या, "'सदर शिक्षिका मराठी माध्यमाच्या वर्गात विद्यार्थ्यांना कन्नड भाषेतून अध्यापन करीत असल्याचे प्रत्यक्ष निदर्शनास आले आहे.' असलं कागदी मराठी ह्या गावात दुसऱ्या कुणाला येतंय, सांगा बघू? अख्ख्या गावाचे अर्ज गुरुजीच लिहायचे."

ती माझी चौथी ओळ होती. शब्दन् शब्द. 'प्रत्यक्ष' हा शब्द मी मागाहून, वर काकपद देऊन घातला होता. सीमेवरच्या गावात, मराठी शाळेत, ह्या वाक्याचा काय अर्थ होतो ते त्या बाकावर बसून लिहिताना मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर ते सबळ होतं.

"बाई..." मी म्हणालो.

"खावा की. गार झाली तर शेंगापोळी चांगली लागत नाही." त्यांनी माझ्या ताटात तूप वाढलं. "मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या घरची आली होती दोनदा, मी दार उघडलं नाही. तुमच्यासारखा परका माणूस एवढ्या लांबून कार्डं द्यायला येतो, आणि हा घरचा."

मी दोन पोळ्या खाल्ल्या. तिसरी नको म्हणालो, तरी त्यांनी कागदात बांधून पिशवीत घातली. निघताना त्यांनी दारातून हात हलवला आणि अंगणातल्या शेंगांवरची कोंबडी हाकलली.

चार घरं पुढं गेलो असेन. एका दारातून हाक आली, "सर! शाळेत यायचे ते सर ना तुम्ही?"

नंदगोंड गुरुजींच्या पत्नी होत्या, काशव्वा काकू. मला आत जावंच लागलं. गुरुजी खाटेवर होते. उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. मला पाहून त्यांनी डावा हात उचलला. मी तो हातात घेतला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. घशातून नुसता आवाज आला आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली. काकूंनी ती पदरानं पुसली.

"बाईंकडं जेवला ना? दिसला तुम्ही," काकू म्हणाल्या. "तुमचं ऐकतील त्या. एवढं सांगा त्यांना, की ह्यांनी तो कागद दिला नाही. वाचा होती तोवर रोज म्हणायचे, काशव्वा, मी नाही दिला ग. कुणी दिला ते देवाला ठाऊक. ह्यांना दुसरं काही नको आता. बाईंनी एकदा येऊन समोर उभं राहावं, बस."

गुरुजींनी माझा हात सोडला नव्हता. त्यांच्या डाव्या हातात अजून जोर होता. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"सांगतो, काकू."

"आत्ताच सांगा की, सर. घरातच आहेत त्या."

"हो. आत्ताच जातो."

काकू मला सोडायला दारापर्यंत आल्या आणि लगेच आत वळल्या; खाटेवरून आवाज आला होता. मी गल्लीत उभा राहिलो. बाईंचं घर उजवीकडे, चार दारांवर. त्यांचा आवाज ऐकू येत होता. कोंबडीला कन्नडमध्ये काहीतरी बोलत होत्या. एस.टी.चा थांबा डावीकडे.

मी डावीकडे वळलो. गाडीला अजून पाऊण तास होता. थांब्यावर बसलो तर गल्लीतून कुणी पाहील, म्हणून पुढच्या फाट्यापर्यंत चालत गेलो.

दिवाळीच्या आधी गुरुजी गेल्याचं कुंभार सरांनी फोनवर सांगितलं. "तुम्ही भेटून आला होता म्हणे. काकू म्हणत होत्या," ते म्हणाले. मी हो म्हणालो. नंतर ते उसाच्या तोडणीबद्दल आणि बदल्यांबद्दल बराच वेळ बोलत होते, मी ऐकत होतो.

ह्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. माणसांना प्रश्न कसे विचारावेत, हे शिकवणं माझा व्यवसाय आहे. गुरुजींच्या मातीला बाई गेल्या होत्या का, हे मी अजून कुणालाही विचारलेलं नाही.